उ.: शून्य सावली आणि बारा वाजताची बाटली
शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर दिसेनाशी होते. मग पुण्यात 13 मेला बरोबर बारा वाजता बाटली उन्हात ठेवूनही सावली का पडली, असा प्रश्न आलाय. दिवस बरोबर होता, वेळ चुकली. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताचं, आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावर येतो 12:31च्या सुमारास. बारा वाजता 15 सेंमी उंच वस्तूची सावलीही जवळपास 2 सेंमी पडते.

बाटलीऐवजी सरळ कापलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, ओळंब्याने उभा आहे ना ते बघा. कागदावर 12:15पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी मुलांना खूण करू द्या. टोक सरकत पाइपाला येऊन भिडतं आणि आत तळाशी पूर्ण गोल उजळतो, तो क्षण चुकवू नका! जुलैअखेरीस पुन्हा संधी असते, पण ढग फार. नागपूरकरांना 26 मे.