‘सृष्टीचं कौतुक म्हणजे निसर्गपूजा’: हे मान्य नाही

वाडीवाला:
कालची पोस्ट वाचली. म्हणणं असं, की देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाऊस, झाडं, नद्या यांच्यासाठी प्रार्थना म्हणत राहिलो तर आपण निसर्गपूजेला लागू. पुरावा बायबलमधल्या पौलाच्या पत्राचा, रोमकरांस 1:25 चा: लोकांनी निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीची भक्ती केली. वचन खरं आहे. पण पाचच वचनं वर, 1:20 मध्ये, तोच पौल सांगतो की देवाचे अदृश्य गुण त्याने निर्मिलेल्या गोष्टींवरून स्पष्ट दिसतात, म्हणून कोणाला सबब उरली नाही. ते वचन का गाळलं? स्तोत्र 104 उघडा. रानगाढवांची तहान, करकोच्याचं घरटं, लबानोनचे गंधसरू, भक्ष्यासाठी गर्जणारे सिंहाचे छावे, सगळ्यांची नोंद आहे. इटलीतला संत, असिसीचा फ्रान्सिस, सूर्याला भाऊ म्हणतो, पाण्याला बहीण. भाऊ म्हटलं की तो देव राहत नाही, दोघांचा बाप एक होतो. निसर्गपूजेला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

धर्मशिक्षक:
पोस्ट माझी आहे. स्तोत्र मला शिकवू नका. आक्षेप कौतुकावर नाहीच. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर या चर्चच्या ‘सृष्टीच्या काळात’ रविवारमागून रविवार झाडांवर प्रवचन झालं आणि पाप, क्रूस, तारण यांचा उच्चारही झाला नाही, तर ते पर्यावरणाचं व्याख्यान झालं, मिस्सा म्हणजे उपासना नव्हे. उत्पत्ती 1:28 मध्ये माणसाला सत्ता दिली आहे. माणूस आणि बांबू एका पंगतीत बसत नाहीत.

वाडीवाला:
1:28 पाठ आणि 2:15 विसरलात? बागेची ‘मशागत व राखण’ करायला माणसाला ठेवलं. मूळ हिब्रूत अबाद आणि शामर. अबादचा अर्थ राबणं, सेवा करणंही होतो. सत्ता अटींसकट मिळाली आहे: लेवीय 25, सातव्या वर्षी जमिनीला विसावा, अनुवाद 20:19, वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराचीही फळझाडं तोडायची नाहीत.

गोडं_पाणी:
हिब्रू राहू द्या, वसईत या. राखण म्हणजे बावखल, आपलं वाडीतलं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहतात. बावखल बुजवलं, शेजारी बोअर मारली, उपसा वाढला, की खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या की ओळखा. भराव टाकणारेही मिस्साला पुढच्या बाकावर असतात. पापनिवेदनात हे कधी येतं का? पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात, पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांचे शब्द घेऊन, निसर्गाविरुद्धच्या गुन्ह्याला पाप म्हटलेलं आहेच.

धर्मशिक्षक:
बाकावरच्या माणसांवर बोट रोखू नका. शब्द जपून वापरा.

गोठेवाला:
बावखलापर्यंत कशाला जाता, नाताळचा गोठा, येशूजन्माचा देखावा, बघा. असिसीच्या फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावी गोठा केला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि गवत होतं. आपण थर्माकोलचे डोंगर करतो, महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी असूनही. वर डोंगरातून खरवडून आणलेलं शेवाळ. ते तिथे खडकावर ओल धरून असतं, आपल्या बल्बखाली दोन दिवसांत वाळून जातं.

पाटीभर_माती:
गोठ्यात शेवाळाऐवजी हिरवळ हवी तर नाचणी पेरा, पण नीट पेरा. रात्रभर, 10-12 तास भिजत घाला. पाटीच्या तळाला भोकं हवीत. त्यात इंचभर माती, वर दाणे एकाला एक लागून पण एकच थर, त्यावर ओलं गोणपाट. दोन दिवसांनी कोंब दिसले की गोणपाट काढायचं, नाहीतर कोंब पिवळे आणि लांबुडके होतात. 24 तारखेला हिरवळ हवी तर 13-14 डिसेंबरला पेरा, थंडीत उगवण रेंगाळते. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

गोठेवाला:
तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी येते आणि लोक पाटी फेकून देतात, त्याचं काय?

पाटीभर_माती:
बहुतेक वेळा ती बुरशी नसते, मुळांची लव असते. पाणी शिंपडून बघा. लव लगेच चिकटून दिसेनाशी होते, बुरशीचं जाळं तसंच राहतं आणि कुबट वास येतो. खरी बुरशी असेल तर दाणे दाट पडलेत किंवा तळाची भोकं बुजलीत. बल्ब हिरवळीपासून वीतभर तरी लांब ठेवा.

धर्मशिक्षक:
धागा कुठून कुठे नेलात! मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. क्रूस वगळून केलेलं सृष्टीचं प्रवचन अपुरंच. रोमकरांस 1:20 पोस्टमध्ये घ्यायला हवं होतं, एवढं मानतो. थर्माकोलची बाजू मी कधी घेतली नव्हती.

वाडीवाला:
क्रूस वगळा असं इथे कोणी म्हटलं? कलस्सैकरांस 1:20 वाचा. क्रूसावरच्या रक्ताने समेट झाला तो पृथ्वीवरच्या आणि स्वर्गातल्या ‘सर्वांचा’. नुसत्या माणसांचा असं तिथे लिहिलेलं नाही.

धर्मशिक्षक:
त्या वचनावर सवडीने लिहीन. तोवर एवढं सांगा, आमची विहीर मचूळ आहे. नाचणीला ते पाणी चालेल?

पाटीभर_माती:
भिजवायला नको, उगवण मार खाते. पिण्याच्या पाण्यात भिजवा आणि शिंपडायलाही तेच घ्या. एका पाटीला दिवसाला पेलाभर पुरतं. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर गोठा उतरवाल तेव्हा गवत शेळीला घाला, माती कुंडीत टाका.