बोधचिन्ह, मुद्रा, चिन्ह की सरळ लोगो?

नीरेकाठचा
एक अडचण आहे, सोमवारच्या आत सुटली तर बरं. आमचं गाव भोर तालुक्यात. गावातली बरीच घरं आता पुण्यात, बहुतेक धनकवडी-कात्रजकडे. ग्रामस्थ मंडळाची रीतसर नोंदणी झाली. आता लेटरहेड, जत्रेची पावतीपुस्तकं आणि टी-शर्ट छापायचेत. डिझाइनचं काम करतो म्हणून लोगो माझ्या गळ्यात पडला. चित्र झालंय, अडलंय शब्दावर.

सभेच्या विषयपत्रिकेत मी लिहिलं, 'मंडळाचे बोधचिन्ह निश्चित करणे'. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तांबड्या शाईनं 'बोधचिन्ह' खोडून वर 'मुद्रा' लिहिलं. म्हणाले, "बोध शाळेत. मंडळाला मुद्रा." मग गावी चुलत्यांना फोन केला, "तात्या, मंडळाचं चिन्ह काय ठेवायचं?" पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग हळूच, "का रं, मंडळ पॅनेल उभं करतंय का काय?"

पत्रिकेवर काय छापू? बोधचिन्हाचे अनावरण, मुद्रेचे, की लोगोचे?

पेठी पाटी
बोधचिन्ह. यात चर्चेसारखं काय आहे? साहित्य संमेलनाचं दरवर्षी बोधचिन्हच असतं, लोगो नसतो. आपला शब्द हाताशी असताना उसना कशाला?

मोगरा
बोधचिन्ह म्हणजे ते खेळांच्या स्पर्धेतलं ना, अप्पू हत्तीसारखं?

पेठी पाटी
नाही हो. १९८२ च्या एशियाडचा अप्पू तो शुभंकर. बोधचिन्ह वेगळं.

कुंपणावरचा
तुमच्या तात्यांचं काही चुकलं नाही. ग्रामपंचायतीला पक्षांची चिन्हं नसतात, त्यामुळे कपबशी, शिट्टी, छत्री असलंच काहीबाही वाट्याला येतं आणि पुढची पाच वर्षं माणूस त्याच नावानं ओळखला जातो. आमच्याकडे अजून एकाला 'कपबशीवाला' म्हणतात, बिचारा पडला होता तरी. गावात 'चिन्ह' हा शब्द मतपत्रिकेनं कधीच पळवलाय. उरलेला अर्थ म्हणजे 'चिन्हं काही बरी दिसत नाहीत'.

खिळेजुळारी
मी नारायण पेठेत छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवली. लोगो म्हणजे चित्र, हेच मुळात चूक. 'लोगोटाइप' हा छापखान्याचा शब्द. वारंवार लागणारी अक्षरं किंवा अख्खा शब्द एकाच खिळ्यात ओतलेला, तो लोगोटाइप. 'लोगोस' म्हणजे ग्रीकमध्ये शब्द. चित्राचा संबंध मागाहून आला.

आमच्याकडे मात्र लोगो कुणी म्हणत नसे. संस्थेच्या चित्राचा जस्ताचा ठसा असायचा, लाकडी ठोकळ्यावर बारीक लोखंडी चुकांनी ठोकलेला. आम्ही त्याला ब्लॉक म्हणायचो, गिऱ्हाईक म्हणायचं 'वर आमचं ते चित्र टाका'. ठशाची उंची खिळ्यांपेक्षा केसभर कमी पडली की चित्र फिकं उठायचं. मग खाली कागदाच्या चिकट्या लावत बसायचं, एक, दोन, कधी बिडीच्या बंडलाचासुद्धा. एका सहकारी सोसायटीच्या गाईची शेपटी मी अशी तीन चिकट्यांवर उठवली आहे.

पेठी पाटी
म्हणजे मूळ अर्थ अक्षरांचाच. मग 'अक्षरमुद्रा' म्हणा! 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच असतील.

कुंपणावरचा
मग तात्या म्हणतील, अक्षरमुद्रा कुणाची सून?

रुमालातलं दप्तर
गुरुजींच्या बाजूनं बोलते. 'शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते' आपल्याला पाठ असतं, पण पत्राच्या शेवटी दुसरा छोटा शिक्का असायचा, 'मर्यादेयं विराजते', हे लक्षात राहत नाही. मजकूर इथं संपला, याखाली कुणी काही घुसडू नये, ही त्याची मर्यादा. तो मोर्तब. वरचा शिक्का आणि खालचा मोर्तब मिळून आपलं शिक्कामोर्तब. तेव्हा मुद्रा ही उमटवायची गोष्ट. टी-शर्टावर छापता ते चित्र, मुद्रा नव्हे.

पेठी पाटी
मोर्तब फारसीतून आलेला आहे.

रुमालातलं दप्तर
त्याच्याही आधी अरबी, 'मुरत्तब'. म्हणून काय महाराजांच्या पत्रांना आता शिक्काअक्षरमुद्रा म्हणू?

मोगरा
मुद्रा नकोच. २०१५ पासून मुद्रा म्हणजे बँकेचं कर्ज. पत्रिका वाचून लोक कागदपत्रं घेऊन येतील.

कुंपणावरचा
आणि गुरुजी मुद्रेवरून राजमुद्रेवर गेले तर आधीच सांगा, सारनाथचे सिंह खासगी मंडळाला वापरता येत नाहीत. २००५ चा कायदा आहे.

रुमालातलं दप्तर
गावाला या गोष्टीसाठी स्वतःचा शब्द होताच की. निशाणी. मी मोडीचा वर्ग केला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गावचा महजर असतो, म्हणजे सगळ्यांसमक्ष झालेला निवाडा. खाली नावं, आणि लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे सहीऐवजी त्याच्या कामाचं अवजार. पाटलाच्या पुढे 'निशाणी नांगर' आणि शेजारी खराच बोटभर नांगर काढलेला, तीन-चार फटकाऱ्यांत. न्हाव्याचा आरसा, सुताराचं हत्यार. कुलकर्ण्याला निशाणी नाही, लेखणी त्याच्याच हातात. पानाच्या तळाशी अख्खं गाव चित्रांत उभं. मला विचाराल तर याहून चांगले लोगो मी पुण्यातल्या फलकांवर पाहिलेले नाहीत.

नीरेकाठचा
ताई, आता खरी पंचाईत झाली. माझ्या चित्रात डोंगर, नदी आणि मधोमध नांगर आहे. मला तो 'शेती' म्हणून सुचला होता.

कुंपणावरचा
म्हणजे तुम्ही सगळ्या गावाच्या मंडळाला पाटलाची सही देऊन बसलात.

मोगरा
इतकं आता कोण बघतं?

कुंपणावरचा
गावात? सगळेच बघतात. मंडपात खुर्ची कुठली मिळाली हे बघतात, चित्रात कुणाचं अवजार आहे हे नाही बघणार?

पेठी पाटी
आणि निशाणीचा अर्थ आता अंगठा असा झालाय, तो मंडळाला शोभणार नाही. शिवाय 'निशाण' तोही फारसी. मूळ प्रश्नाकडे या. मराठी पर्याय असताना...

खिळेजुळारी
शिक्का, मोहोर, छाप, मार्का, ठसा. बाजारातले शब्द बाजारातच तयार होतात. तेलाचा डबा मार्का बघून घेतला, विडी छाप बघून ओढली. बोधचिन्ह बघून कुणी काही घेतल्याचं मला आठवत नाही.

मोगरा
मोहोर आंब्याचा, शिक्क्याची मोहर. तुम्ही दोन्ही एक केलेत.

खिळेजुळारी
आमच्या घरी दोन्हीला मोहोरच म्हणायचे. आंब्यावरही वसंतानं शिक्का मारलेलाच असतो, अशी माझी आपली व्युत्पत्ती.

मोगरा
ही व्युत्पत्ती नाही, कविता झाली. आंब्याचा मोहोर संस्कृताकडून आला, दुसरी मोहर फारसीकडून.

नीरेकाठचा
ताजी खबर. काल तात्या पुण्यात आले. लॅपटॉप पुढे केला आणि शहाणा होऊन चिन्ह, मुद्रा, लोगो यातलं काहीच म्हटलं नाही. म्हटलं, "बघा." चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले. पाटलाच्या निशाणीचं नावही निघालं नाही. म्हणाले, "छाप बरी हाय. पर नांगराला रुमणं कुठाय? धरायचा कशाला?"

खरंच नव्हतं. तयार चित्र उतरवून घेतलं होतं, त्यात फाळ होता, हाळीस म्हणजे बैलांकडे जाणारी लांब दांडी होती, मुठीत धरायचा दांडाच नव्हता. रात्री बसून काढला. आता नांगर जरा तिरका दिसतोय, पण चालेल असं वाटतंय.

पेठी पाटी
ते ठीक. पत्रिकेवर काय छापलंत?

रुमालातलं दप्तर
रुमणं तुमच्याकडे म्हणतात होय? माझ्या आजोळी हाळिसाला इसाड म्हणायचे.

खिळेजुळारी
इसाड वेगळं, हाळीस वेगळी. चित्र टाका, सांगतो.