टपावरच्या कॅरिअरवर सीबी अँटेना बसवला, एसडब्ल्यूआर ३ च्या खाली येतच नाही. मदत हवी आहे

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. गेले दोन शनिवार-रविवार सीबीच्या (गाडीतून बोलायचा छोटा रेडिओ) याच कामात गेले आणि आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून विचारतो.

गाडीच्या टपाचा मधला बहुतेक भाग काचेचा आहे, त्यामुळे चुंबकाच्या बैठकीचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. टपावर अ‍ॅल्युमिनिअमचे दोन आडवे दांडे असलेलं कॅरिअर आहे. त्यातल्या मागच्या दांड्याच्या डाव्या टोकाला क्लॅम्प आवळून अँटेना बसवलाय. अँटेना साधारण १२० सेंमीचा, बुडाशी कॉइल असलेला. केबल आरजी-५८, ५ मीटर. सेट नेहमीचा ४० चॅनलचा, एएमवर ४ वॅट.

एसडब्ल्यूआरचा मीटर (अँटेनाकडून किती शक्ती सेटकडे परत येते ते दाखवणारा, १ म्हणजे काहीच परत नाही) लावला तर काटा ३ च्या पुढे. अँटेना लांब असेल म्हणून टोकाकडून १ सेंमी कापला, फरक नाही. अजून १ कापला, नाही. काल तिसरा कापला, तरी काटा जागचा हलायला तयार नाही. अर्थिंग नीट नसेल असं वाटून क्लॅम्पपासून मागच्या दाराच्या बोल्टपर्यंत दीड मीटर वायर ओढली. मल्टिमीटर ०.४ ओहम दाखवतो, म्हणजे अर्थिंग उत्तम. मग बिघडलंय काय? अजून किती कापू?

चाकावरचं बिऱ्हाड

आधी ती करवत खाली ठेवा. कापलेला अँटेना वाढत नाही.

मीटर नुसता "३ च्या पुढे" म्हणून सांगून भागत नाही. चॅनल १, २० आणि ४० असे तीन वेगवेगळे आकडे द्या. १ वर जास्त आणि ४० वर कमी असेल तर अँटेना आखूड. उलट असेल तर लांब. तिन्हीकडे सारखाच वाईट असेल तर लांबीचा प्रश्नच नाही, दोष बैठकीत किंवा केबलमध्ये आहे, आणि तुम्ही विनाकारण कापत बसलात.

दुसरं, केबल सेटपासून सोडवून पीएल-२५९ ची (केबलच्या टोकाच्या कनेक्टरची) मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यात मल्टिमीटर लावून बघा. बैठकीच्या बोल्टखालचा नायलॉनचा वॉशर उलटा बसला किंवा विसरला गेला तर मधली तार थेट क्लॅम्पला टेकते. दहातल्या चार तक्रारी त्या एका वॉशरच्या असतात, हे माझं अनुभवाचं गणित. मात्र काही अँटेनांची कॉइल मुळातच बुडाशी अर्थ केलेली असते. तिथे मीटर शॉर्ट दाखवणारच, त्याने घाबरू नका. अशा वेळी अँटेना फिरवून काढायचा आणि नुसत्या बैठकीवर पुन्हा बघायचं.

आणि हे होईपर्यंत बटण दाबून लांबलचक बोलू नका. थोडक्यात मोजा आणि सोडा. सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जायला वेळ लागत नाही.

घाईत आहे

केबल १८ फूट करा. झालं काम. सगळे तेच करतात.

लांबपल्ला

@चाकावरचं बिऱ्हाड, आत्ता गाडी मोकळ्या मैदानात नेऊन घेतलेले आकडे: चॅनल १ वर ३.२, २० वर ३.१, ४० वर ३.३. पिन आणि कवच यांच्यात काहीच नाही, अँटेना लावलेला असतानाही आणि काढल्यावरही. वॉशर जागेवर आहे, उघडून बघितला.

एक विचित्र गोष्ट दिसली. मीटर बघताना मी केबल मुठीत धरली की काटा हलतो. सोडली की परत जागेवर. हे भूत कुठलं?

डाख आणि तार

भूत नाही, तुमची केबलच अँटेना झाली आहे.

तुमचा ०.४ ओहम खरा आहे, पण तो बॅटरीच्या करंटसाठी. सीबी चालतो २७ मेगाहर्ट्झवर. तिथे साध्या वायरीचा रोध तिच्या तांब्यावर नाही, तर तिच्या लांबीवर ठरतो. सरळ वायरीचं इंडक्टन्स मीटरमागे ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री धरा. २७ मेगाहर्ट्झला त्याचे होतात सुमारे १७० ओहम. तुमची वायर दीड मीटर, म्हणजे अडीचशेच्या घरात. सगळी केबल ५० ओहमची आणि अर्थिंगच्या वाटेत अडीचशे! मल्टिमीटर डीसीवर मोजतो, त्याला यातलं काहीच दिसत नाही. तो खोटं बोलत नाहीये, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारलात.

आता मूळ मुद्दा. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ११ मीटर, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. गाडीवर आपण लावतो तो दांडा म्हणजे अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. तुमच्या कॅरिअरच्या पायांखाली बहुधा रबर किंवा प्लॅस्टिक असेल, दांड्यावर रंगाचा थर असेल. म्हणजे अँटेनाच्या दृष्टीने तो दांडा हवेत तरंगतोय. पत्रा मिळाला नाही की करंट दुसरी वाट शोधतो, आणि सोयीची वाट असते केबलच्या जाळीची बाहेरची बाजू. म्हणून तुम्ही केबल धरली की काटा हलतो.

घाईत आहे

मग १८ फुटांनी फरक पडतो तो कसा? मी स्वतः बघितलाय.

डाख आणि तार

पडतो ना, नाही म्हणतच नाही. केबलची बाहेरची बाजूच अँटेनाचा भाग झाली असेल तर तिची लांबी बदलल्यावर आकडा बदलणारच. पण ती दुखण्याची खूण आहे, औषध नव्हे. बैठक नीट असेल तर ५० ओहमची केबल ३ मीटर असो की ६, आकडा जवळजवळ तोच राहतो. एकाच सेटला दोन अँटेना जोडायचे असतील तेव्हा मात्र केबलच्या लांबीला खरंच अर्थ असतो. तो विषय वेगळा.

आणि एक. एसडब्ल्यूआर १ आला म्हणजे अँटेना चांगला, असंही नाही. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती नुसती जिरवणारा रोध) लावा, मीटर झकास १ दाखवेल आणि तुमचा आवाज कोपऱ्यापलीकडे जाणार नाही. ३ वर साधारण पाव शक्ती परत येते, २ वर ११ टक्के, दीडवर ४ टक्के. दीडच्या खाली आल्यावर दशांशासाठी झगडण्यात अर्थ नाही. तुमच्या गाडीत खरी गळती परत येणाऱ्या शक्तीची नाही, नसलेल्या पत्र्याची आहे.

लांबपल्ला

पटलं. कॅरिअरचे पाय खरंच रबरावर आहेत, आणि दांड्याचा काळा रंग नखाने निघत नाही इतका पक्का आहे. मग अँटेना हलवू कुठे? टपाला भोक पाडायची माझी हिंमत नाही, आणि घरातून परवानगीही नाही.

चाकावरचं बिऱ्हाड

टपाच्या मधोमध भोक पाडून बसवलेला अँटेना सगळ्यात उत्तम, पण तुमच्याकडे तिथे काचच आहे. तेव्हा तो वाद मिटला. चुंबकाचंही तेच. शिवाय चुंबक पत्र्याला धातूने टेकत नाही, रंगाच्या थराआडून कपॅसिटरसारखा जुळतो. त्यामुळे त्याच्याखाली मोठा सलग पत्रा लागतो आणि तोही लोखंडी. अ‍ॅल्युमिनिअमच्या टपावर तर तो चिकटतच नाही.

माझ्या मते डिकीच्या दाराची वरची कड. तिथे कडेला पकडणारी बैठक मिळते, आतून बारीक ग्रब स्क्रू आवळायचे असतात. हे स्क्रू रंग फोडून पत्र्यात रुतलेच पाहिजेत. लोक रंग खराब होईल म्हणून हलक्या हाताने आवळतात आणि मग इथे येऊन धागा काढतात. रुतल्यावर वरून थोडं ग्रीस लावा, गंज लागणार नाही.

बॉनेटची कडही चालते, पण तिथे अर्धा अँटेना टपाच्या पातळीखाली राहतो आणि समोरची काच-खांब मध्ये येतात. तुमच्या डिकीच्या वरच्या कडेवर कॉइलसकट सगळा दांडा टपाच्या वर राहील. कोपऱ्यात बसवल्यावर आवाज सगळीकडे सारखा जात नाही, हे मात्र धरून चाला. ज्या दिशेला पत्रा जास्त, तिकडे जास्त जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यातला अँटेना उजवीकडे पुढे चांगला ओरडतो.

डाख आणि तार

वरच्याशी सहमत, फक्त एक भर. डिकीचं दार म्हणजे गाडी नव्हे. ते रंगवलेल्या बिजागऱ्यांवर लटकलेलं असतं, खाली सगळीकडे रबर. कॅरिअरची गोष्ट तिथेही होऊ शकते. दोन्ही बिजागऱ्यांच्या बाजूने दार आणि बॉडी यांच्यामध्ये चपटी जाळीदार पट्टी टाका. आखूड आणि रुंद, १०-१५ सेंमीच्या आत. दार उघडण्यापुरता झोल ठेवायचा, बस. जुन्या जाड केबलची जाळी काढून चपटी केली तरी चालते. टोकांना लग डाखून घ्या, बोल्टखालचा रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला.

केबल आत घेताना दाराच्या रबराखालून जाईल, पण आत शिरण्याआधी खाली एक झोल सोडा. नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून घसरत थेट आत येईल. आणि खांबाच्या आवरणात केबल कोंबण्याआधी तिथे एअरबॅग आहे का ते बघा. असेल तर वरून न जाता खालून, पायघड्यांच्या कडेने न्या.

आयतोबा

काच-टपवाल्यांसाठी पत्रा न लागणारे अँटेना मिळतात ना? ते का नको?

डाख आणि तार

मिळतात आणि फायबरच्या गाडीवर दुसरा इलाजही नसतो. पण त्यांची केबल आणि अँटेना ही जोडी असते. एकाची केबल दुसऱ्याला लावली की दोन्ही वाया. इथे पत्रा हाताशी असताना तो वापरावा, असं माझं मत.

लांबपल्ला

चार दिवसांनी हजर. बैठक डिकीच्या कडेला हलवली, दोन्ही बिजागऱ्यांवर पट्ट्या टाकल्या. आधी पट्ट्यांशिवाय मोजून बघितलं, उत्सुकता म्हणून: २.६ च्या आसपास. एका पट्टीने २.१. दुसरी टाकल्यावर हे आकडे:

चॅनल १: २.३
चॅनल २०: १.८
चॅनल ४०: १.४

केबल धरली तर काटा ढिम्म. भूत गेलं! पण आता १ वर जास्त, ४० वर कमी. म्हणजे अँटेना आखूड, बरोबर? म्हणजे मी कापलेले ते तीन सेंटिमीटर...

चाकावरचं बिऱ्हाड

तेच ते. बैठक चुकीची असताना कापलेत म्हणून फरक दिसला नाही, आता बैठक सुधारली आणि कापलेलं उघडं पडलं. बुडाशी कॉइल असलेल्या ठेंगण्या अँटेनात एकेक सेंटिमीटर पावणेतीन मीटरच्या सरळ दांड्यापेक्षा कितीतरी जास्त भाव खातो.

नवा घ्यायच्या आधी हे बघा: दांडा कॉइलच्या खोबणीत ग्रब स्क्रूने धरलेला आहे का? असेल तर तो तळापर्यंत बसलेला असणार. स्क्रू ढिला करून वर ओढा, पण स्क्रूच्या पकडीत पुरेसा राहील इतकाच. ५ मिमी ओढा, मोजा, पुन्हा ५.

बुडाशी स्प्रिंग घालायचा मोह होईल. ती एकदम ८-१० सेंमीची भर घालते, तुमच्या बाबतीत फार होईल. मोजताना डिकी आणि दारं बंद, आणि कोणी शेजारी उभं राहू नये.

लांबपल्ला

खोबणीत दीड सेंमी जागा निघाली! दांडा तेवढा वर घेतला. १ वर १.७, २० वर १.३, ४० वर १.४. अजून थोडा ओढावासा वाटतोय, पण स्क्रूची पकड जाईल.

डाख आणि तार

तिथेच थांबा. १ वरचा १.७ काही खात नाही. स्क्रू गच्च आवळा. रस्त्यावर दांडा सुटून मागच्या गाडीच्या काचेवर गेला तर एसडब्ल्यूआर कोणी विचारणार नाही.

लांबपल्ला

आवळला. आज रस्त्यावर पहिल्यांदा समोरून नीट उत्तर आलं, इतके दिवस मी बहुधा स्वतःच्याच केबलशी बोलत होतो. एकच तक्रार उरलीय: इंजिन चालू असताना मागे बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, एक्सलरेटर दाबला की सूर चढतो. सेटची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतलीय.

चाकावरचं बिऱ्हाड

अल्टरनेटर. सॉकेट सोडा, दोन्ही वायरी थेट बॅटरीवर न्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाका. ४ वॅटचा सेट दोनेक अँपिअरच्या वर सहसा जात नाही, तेव्हा फ्यूज सेटच्या पुस्तिकेत असेल तेवढाच, उगाच मोठा नको. तरी राहिला तर वायरीवर सेटजवळ अल्टरनेटरचा आवाज गाळणारा फिल्टर बसवा. पण आधी वायर बदला, बहुतेक तिथेच संपेल.

आणि छत असलेल्या पार्किंगमध्ये शिरताना आता गाडीची उंची वाढलीय हे लक्षात ठेवा. मी एकदा विसरलो होतो.