वक्फला लोक एवढी मिळकत का देऊन टाकतात?

प्रश्न: शेजारच्या चाचांनी बाजारातला गाळा मशिदीला वक्फ केला, म्हणजे अल्लाहच्या नावाने कायमचा दान केला, पोरांनीही हरकत नाही घेतली. कायमचं सोडायला माणूस तयार कसा होतो?

उत्तर: सदका-ए-जारिया, म्हणजे चालू राहणारं दान. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे की माणूस गेला की कर्म थांबतं, तीनच गोष्टी चालू राहतात, हे असं दान, उपयोगी ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. म्हणजे गाळ्याचं भाडं येतंय, त्यातून मशिदीचं लाइटबिल, पोरांच्या फिया भरल्या जातायत तोवर चाचांना सवाब, म्हणजे पुण्य, पोचणार.

उत्तर: पैगंबरांचे साथी हजरत उमर यांना अरबस्तानातल्या खैबरची जमीन मिळाली तेव्हा पैगंबरांनीच सांगितलेलं, मूळ राखा, उत्पन्न दान करा. आमच्या अम्मीने नानीच्या नावाने कब्रस्तानात बोअर मारून दिला, तिला तेवढंच समाधान.

उत्तर: पण मुतवल्ली, म्हणजे वक्फची मिळकत सांभाळणारा, हिशेब दाखवत नसेल तर श्रद्धा असूनही लोक हात आखडतात हो.