मदत हवी आहे: 'मिंट'सारखे मराठी शब्द

काल मुलीबरोबर फोर्टात मिंट रोडवरून जाताना तिने विचारलं, "आई, इथे पुदिना विकायचे का?" मी सांगितलं, इथली मिंट म्हणजे टांकसाळ.

घरी येऊन शोधलं. पुदिन्याचं मिंट लॅटिन 'मेंथा'वरून आलं, टांकसाळीचं 'मोनेटा'वरून. रोममध्ये जूनो मोनेटा देवीच्या देवळाजवळ नाणी पाडत, त्यामुळे 'मनी'सुद्धा तिथूनच! म्हणजे रूप एक, मुळं दोन. फार आवडलं मला हे.

मराठीत असे शब्द कोणते? मला एकच सुचला: ती मान संस्कृत 'मन्या'वरून, तो मान म्हणजे आदर, तत्सम. मुलीला वहीत दहा जोड्या लिहायच्या आहेत. एकाच मुळाचे वेगळे अर्थ नकोत. व्युत्पत्तिकोश जवळ असलेल्यांनी कृपया बघून सांगाल का?