मदत हवी आहे: शब्दकोड्याचा डावीकडचा खालचा कोपरा अडलाय (हत्ती, कावळा, पृथ्वी वगैरे)

पेन्सिलवाली

नमस्कार मंडळी. आई सांगलीला रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवते आणि अडलं की चौकटीचा फोटो मला बंगळूरला पाठवते. आजचं कोडं मोठं आहे. वरचा सगळा भाग तिनेच भरलाय, पण डावीकडचा खालचा कोपरा जवळजवळ कोरा आहे. आमचं दोघींचंही डोकं चालेना.

उभा १८: मीठ (३). हे लवण, याबद्दल शंका नाही. वरून दोन आडवे शब्द जुळतायत.
आडवा २१: हत्ती (३). याचं शेवटचं अक्षर म्हणजे लवणमधला ण.
उभा २१: कावळा (३)
आडवा २४: फार प्राचीन काळापासून चालत आलेला (४). कावळ्याचं शेवटचं अक्षर ते याचं पहिलं.
उभा २५: नदी (३). आडव्या २४ च्या तिसऱ्या अक्षरापासून खाली.
आडवा २७: पृथ्वी (३). नदीचं शेवटचं अक्षर ते याचंही शेवटचं.
उभा २७: शिवरायांच्या अष्टप्रधानांपैकी एक (३)

हत्तीला आईने कुंजर म्हटलं, पण शेवटी ण हवा. कावळ्याला एकाक्ष बसतं, पण मग २४ ची सुरुवात क्ष ने होते आणि 'क्षत्रिय'शिवाय काही आठवत नाही. २४ ला मला पुरातन वाटतं. पृथ्वीचं तर विचारूच नका: धरणी, धरती, वसुधा, मेदिनी, सगळे तीन अक्षरी!

उद्या पेपरात उत्तर येईलच. पण आईला उत्तर नकोय, "कसं काढायचं ते विचार" म्हणाली. तेव्हा थेट शब्द न देता आधी वाट दाखवाल का?

खोडरबर

ताई, हत्तीपासून सुरुवात करू नका. कोपरा अडला की जिथे दोन शब्द एकाच घरातून निघतात तिथे जायचं. तुमच्याकडे अशी दोन घरं आहेत, २१ आणि २७. त्यातलं २७ आधी घ्या. अष्टप्रधानांची आठ नावं कागदावर लिहा आणि अक्षरं मोजा. जोडाक्षर म्हणजे एकच घर.

पेन्सिलवाली

लिहिली. पंतप्रधान ५, पंडितराव ५, सेनापती ४, न्यायाधीश ४, मंत्री २. उरले अमात्य, सचिव, सुमंत. तिन्ही तीन अक्षरी! शिवाय पेशवा म्हटलं तर तेही तीनच. कोडं रचणाऱ्यांनी मुद्दाम केलंय हे.

खोडरबर

मुद्दामच केलंय, आणि बरं केलंय. आता या चौघांची पहिली अक्षरं बघा: अ, स, सु, पे. पृथ्वीच्या कुठल्या तीन अक्षरी नावाची सुरुवात यांपैकी एकाने होते?

बावडेकर_नव्हे

मध्येच तोंड घालतो. अष्टप्रधान लक्षात ठेवायला गावं उपयोगी पडतात. भोर संस्थान पंत सचिवांचं, गगनबावडा पंत अमात्यांचा. आमच्या आजोळी हे शाळेत जायच्या आधीच कळायचं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी जुनी फारसी पदनावं जाऊन संस्कृत आली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत. शब्दकोड्यात कधी 'अमात्याचं जुनं नाव (५)' असं आलं तर मुजुमदार. मी स्वतः एकदा पाहिलंय.

पेन्सिलवाली

अवनी! म्हणजे उभा २७ अमात्य.

तिरपा_शब्द

घाई नको. अचला म्हणजेही पृथ्वीच, आणि तोही अ पासून तीन अक्षरी. आधी नदी बघा.

पेन्सिलवाली

बरोबर आहे तुमचं. मग नदी ला किंवा नी ने संपायला हवी. ला वाली नदी मला सुचत नाही. नी ने संपणारी... वाहिनी?

खोडरबर

वाहिनी चालेल. अजून एक आहे. दोघींपैकी कुठली, ते २४ चं तिसरं अक्षर ठरवेल. २४ ला तुम्ही पुरातन म्हणालात. समजा ते चुकलंय, तरी तशाच अर्थाचा दुसरा चार अक्षरी शब्द आठवा.

पेन्सिलवाली

सनातन. अरे, तिसरं अक्षर दोन्हीत त च आहे! म्हणजे नदी त पासून सुरू होऊन नी ने संपणारी. मधलं घर सुटं आहे, तिथून आडवा शब्द जात नाही. आईला फोन करते.

...आईने क्षणात सांगितलं: तटिनी. शाळेत कवितेत होतं म्हणे.

शुद्ध_अशुद्ध

तटिनी लिहिताना ट ला पहिली वेलांटी, न ला दुसरी. अवनीबद्दल एक सांगून ठेवतो. संस्कृतात अवनि असा ऱ्हस्वही आहे, त्यामुळे संस्कृत कोश उघडणारे लोक तिथे नि भरतात आणि मग तटिनीशी जुळत नाही म्हणून कोडं रचणाऱ्यावर खापर फोडतात. मराठीत १९६२ च्या नियमांप्रमाणे तत्सम शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, रिपू, अवनी. समासात पहिलं पद असेल तर मात्र ऱ्हस्व: कविराज, गुरुकृपा. शब्दकोड्यात वि आणि वी ही दोन वेगळी अक्षरं आहेत हे डोक्यात पक्कं असलं की निम्मे खोडरबर वाचतात. (खोडरबरराव, तुम्ही नव्हे.)

पेन्सिलवाली

कोपऱ्याचा खालचा भाग झाला. आता वर. सनातन की पुरातन?

खोडरबर

ते कावळा सांगेल. तो स ने संपतो की पु ने?

पेन्सिलवाली

पु ने कावळा कसा संपेल! म्हणजे स. एकाक्ष गेला. ? ? स. आणि पहिलं अक्षर हत्तीचंही पहिलं. हत्ती ? ? ण. आता खरंच काही येत नाही हो. आईचंही नाही.

तिरपा_शब्द

इथे तर्क संपला, आता शब्द माहीत असण्यावर आहे. कावळ्याला संस्कृतात वायस म्हणतात.

पेन्सिलवाली

वा पासून हत्ती... वारण? वारण म्हणजे हत्ती??

तिरपा_शब्द

हो. अडवणारा, निवारण करणारा हा एक अर्थ, आणि हत्ती हा दुसरा. शब्दकोड्यांत हत्ती म्हटलं की गज, करी, कुंजर, वारण हे चार फिरून फिरून येतात. दोन अक्षरी असेल तर पहिले दोन, तीन अक्षरी असेल तर पुढचे दोन.

रोजचा_वाचक

माझं स्पष्ट मत: वारण हा शब्द देणं म्हणजे कोडं रचणाऱ्याचा आळस. अशा कोपऱ्यात शब्द अडला की अमरकोश उघडायचा आणि बसेल ते नाव टाकायचं. मराठी माणूस हत्तीला वारण कधी म्हणाला? त्यापेक्षा 'नदी उलटी वाहिली की गरीब होते' असलं काहीतरी द्या, उत्तर दीन. डोकं लागतं आणि मजाही येते.

खोडरबर

अर्धं पटलं. पण ? ? ण मध्ये दुसरा हत्ती बसवून दाखवा. लवण वरून आलंय, तिथे रचणाऱ्यालाही हात बांधलेले असतात. आणि कावळा-हत्ती सोडला तर या कोपऱ्यातले बाकी शब्द नुसत्या मोजामोजीने सुटले, हे चांगल्या कोड्याचं लक्षण मानतो मी.

पेन्सिलवाली

आईचं म्हणणं रोजचा_वाचक यांच्यासारखंच. "वारण? वरण असतं तर आलं असतं" म्हणाली. :)

एक शेवटचं विचारते. असे शब्द बघायला घरी काय ठेवावं? फोनवर चाललं तर उत्तम.

शुद्ध_अशुद्ध

मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७ ची) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, देवनागरीत टंकून शोधता येतो. अर्थ इंग्रजीत मिळतात, पण जुने शब्द भरपूर. घरात ठेवायचा तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. तो अनेक खंडांचा आहे, आईंच्या कपाटात जागा आहे का ते आधी विचारा. कोश फक्त खात्री करायला उघडायचा, शोधायला नव्हे. शोधायला वही. आईंना म्हणावं, समानार्थी शब्द अक्षरसंख्येप्रमाणे लिहून ठेवा: दोन अक्षरी पाणी, तीन अक्षरी पाणी, अशी पानं. महिनाभरात तेच तेच शब्द परत यायला लागतात.

बावडेकर_नव्हे

आमच्या आजोबांच्या वह्या अशाच होत्या, पण बक्षिसांसाठी! तेव्हा प्रवेश फी भरून कोडी पाठवायची आणि मोठमोठी बक्षिसं असायची. त्यात अक्कल कमी आणि नशीब जास्त, कारण एका जागी दोन शब्द बसायचे आणि 'बरोबर' कुठला ते छापणारा ठरवायचा. शेवटी १९५५ मध्ये केंद्राने कायदा केला, महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर बंदी आली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९५७ मध्ये कायदा टिकला. आजोबा त्यानंतर ब्रिजकडे वळले.

पेन्सिलवाली

सगळ्यांचे आभार. पूर्ण कोपरा लिहून टाकते, पुढे कुणाला हवा असेल तर: लवण, वारण, वायस, सनातन, तटिनी, अवनी, अमात्य. आईने पेनाने भरलंय, म्हणजे तिला खात्री आहे.

तिरपा_शब्द

शीर्षकात 'सुटलं' असं जोडाल का? नाहीतर लोक न वाचता उत्तरं देत बसतात.

नवा_भिडू

हत्ती = कुंजर. कावळा = काक.

तिरपा_शब्द

हे बघा.