मिनी लेथवर बारीक आटे: एम४२×०.७५, ॲल्युमिनियम – सल्ला हवा

खगोलवेडा

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात सिडकोच्या रो हाऊसमध्ये राहतो. तळमजल्यावरच्या खोलीत एक चायनीज मिनी लेथ बसवलंय, बेडवर १८० मिमी स्विंग (म्हणजे एवढ्या व्यासाचा जॉब फिरू शकतो) आणि सेंटरमध्ये ३०० मिमी लांबी. फेसिंग, टर्निंग, बोअरिंग जमतं. आटे मात्र अजून पाडलेले नाहीत, आणि पहिलंच काम जरा आडवं आहे.

घरी बनवलेल्या दुर्बिणीला कॅमेरा लावायचाय. कॅमेऱ्याची टी-रिंग (लेन्सच्या जागी बसणारी जोडकडी) आहे, तिच्यात आतून एम४२×०.७५ चे आटे आहेत, म्हणजे व्यास ४२ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी. मला ॲल्युमिनियमच्या नळीवर बाहेरून तसेच आटे हवेत. लांबी फक्त ५ मिमी, आणि मागे लगेच खांदा. मशीन कमीत कमी १०० आरपीएमला फिरतं, त्याखाली मोटर रडते. म्हणजे मिनिटाला ७५ मिमी, पाच मिलिमीटर चार सेकंदांत संपले. हाफ नट (टूलचं कॅरेज लीडस्क्रूला, म्हणजे ते सरकवणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्याला जोडणारा नट) उघडू की टूल मागे घेऊ, या विचारातच टूल खांद्यात घुसायचं.

या मापाची डाय (बाहेरचे आटे पाडणारी दातेरी चकती) घेऊन टाकू का? टूल कार्बाइड इन्सर्टचं (बदलता येणाऱ्या कठीण टोकाचं) घ्यावं की एचएसएस (हाय स्पीड स्टील)? आणि पन्नास मिमी व्यासाचा हातभर बार ठाण्यात किंवा नवी मुंबईत किरकोळीत कोण देईल?

सोसायटीसेक्रेटरी

रेडिमेड अडॅप्टर मिळतात की हो. शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार करा. (आमच्या मजल्यावर एकाने ड्रिल मशीन घेतलंय, त्यामुळे जरा हळवा झालोय.)

खगोलवेडा

सेक्रेटरीसाहेब, बाजारात सव्वा इंची आणि दोन इंची फोकसरचेच अडॅप्टर मिळतात. माझी नळी ३८ मिमीची, त्यामुळे दोन्हीकडून उपरा. आणि लेथचा आवाज मिक्सरपेक्षा कमी आहे, खरंच.

मायक्रॉनताई

आधी एक खात्री करून घ्या. एम४२ नावाचे दोन आटे फिरतात. जुन्या स्क्रू माउंट लेन्स (झेनिट, प्रॅक्टिका, जुने पेंटॅक्स) एम४२×१ च्या, आणि टी-रिंग एम४२×०.७५ ची. व्यास एकच असल्याने एक दुसऱ्यात वळसा-दीड वळसा आरामात जातो आणि मग अडकतो. मग लोक जोर लावतात आणि ॲल्युमिनियमचे आटे सोलून काढतात. पिच गेज नसेल तर आट्यांवर स्टीलची पट्टी धरा: ३ मिमीत तीन शिखरं दिसली तर १ चा पिच, चार दिसली तर ०.७५ चा.

डाय घेऊ नका. एवढ्या मोठ्या व्यासाची डाय आणि तिचं हँडल यांच्या पैशात बरीच हत्यारं येतील, आणि डाय खांद्यापर्यंत पूर्ण आटे पाडतही नाही, तिच्या तोंडाचे पहिले दात उतरते असतात. एम६, एम८ सारख्या रोजच्या मापांना मात्र टेलस्टॉकमध्ये बसणारा डाय होल्डर जरूर घ्या.

निवृत्तटर्नर

खगोलवेडा, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात टर्नर म्हणून निवृत्त झालोय. मिनी मशीन आमच्या काळी नव्हतं, पण आटे तेच. माझं सरळ म्हणणं असं, की या कामाला मोटर लावूच नका. हाताने फिरवा.

स्पिंडलच्या डाव्या बाजूला जे आरपार भोक आहे (तुमच्या मशीनला बहुधा २० मिमी), त्यात बसेल असा एमएसचा (साध्या माइल्ड स्टीलचा) तुकडा टर्न करा. त्याच्या टोकाला करवतीने उभी चीर पाडा, आत निमुळता नट ओढणारा लांब बोल्ट घाला, म्हणजे बोल्ट आवळला की तुकडा भोकात फुलून घट्ट बसतो. बाहेरच्या टोकाला पट्टी आणि मूठ. झालं हँडल. आता स्पिंडल तुमच्या मनगटाच्या वेगाने फिरतो, खांद्याशी अर्धा वळसा राहिला की थांबता येतं. मोटरवर जे चार सेकंद होते ते आता तुम्हाला हवे तेवढे.

पण हँडल लावण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा आणि समोर दिसेल असा टांगायचा. हँडल लावलेलं असताना मशीन चुकून सुरू झालं तर ती मूठ गरगरत हात मोडेल. इथे स्विच बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर हवा. वेगाची हाय-लोची लेव्हर हायवर ठेवा, म्हणजे हँडल हलकं जाईल.

आता जॉब. बाहेरचा व्यास ४१.९ ला आणा, पूर्ण ४२ ठेवू नका. खांद्यालगत पार्टिंग टूलने दोन मिमी रुंद गळा पाडा, आट्याच्या तळापेक्षा किंचित खोल. टूलला थांबायला जागा तिथेच मिळते. तोंडाला चॅम्फर, म्हणजे तिरकी कड. आट्याची खोली म्हणजे पिच गुणिले ०.६१३, तुमच्यासाठी ०.४६ मिमी. क्रॉस स्लाइडची (टूल आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडची) डायल व्यासात वाचते की त्रिज्येत, ते आधी पाहा, नाहीतर दुप्पट खोल जाल. पहिले कट दहा शतांशचे (०.१० मिमी), नंतर पाच, शेवटी दोन-दोन. आणि शेवटचा कट न वाढवता पुन्हा एकदा फिरवा.

प्रत्येक कटानंतर टूल बाहेर घ्यायचं, मग हँडल उलटं फिरवून कॅरेज मागे आणायचं, सुरुवातीच्या जागेच्या चांगलं मागे, म्हणजे पुढे येताना बॅकलॅश (आट्यांमधली ढिलाई) निघून जातो. टूल पुन्हा आत, पुढचा कट. हाफ नट पूर्ण वेळ बंद.

टी-रिंग हीच तुमची गेज. तिच्यात बसेपर्यंत जॉब चकातून सोडायचा नाही. सोडलात तर पुन्हा त्याच जागी पकडणं मुश्किल.

मायक्रॉनताई

काकांना पूर्ण अनुमोदन. कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची कोनात फिरणारी छोटी स्लाइड) ३० अंशांवर फिरवून एका बाजूने कापायचं हे पुस्तकात वाचलं असेल, तर इथे ते सोडून द्या. जाड पिचला त्याचा उपयोग होतो, कारण चिप एकाच कडेने निघते आणि टूल थरथरत नाही. ०.७५ ला, तेही ॲल्युमिनियममध्ये, सरळ आत गेलं तरी चालतं.

निवृत्तटर्नर

चालतं, मान्य. पण पुढे एम१२ चे पावणेदोनचे आटे एमएसमध्ये पाडायला घ्याल तेव्हा ३० अंश लावाच, ताई काही म्हणोत. छोट्या मशीनमध्ये दम कमी असतो, दोन्ही कडा एकदम खायला लागल्या की बेड कुरकुरतो. तेव्हा खोली कंपाउंडवर मोजायची असल्याने ०.६१३ ऐवजी पिच गुणिले ०.७१ धरा.

वागळेवाला

माझं वागळे इस्टेटमध्ये छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, त्यामुळे मालाबद्दल बोलतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊ नका, तिथे गाडीभर माल घेणाऱ्यांचं काम. पन्नास मिमीचा हातभर तुकडा रबाळे, महापे, वागळे इथल्या सीएनसी शॉपमध्ये बार कटिंगनंतरचा एंड पीस म्हणून पडलेला असतो. दुपारी चहाच्या वेळी जा, मालकाशी बोला, किलोवर देतात. नीट सर्टिफिकेटवाला माल हवा असेल तर मुंबईत कुंभारवाड्याला दुर्गादेवी स्ट्रीट. हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, मशीद बंदर स्टेशनवरून चालत. रविवारी जाऊ नका, शटर पाहून परत याल.

ग्रेड विचारून घ्या. एचई३० म्हणतात ते ६०८२, छान कापतं, कडा स्वच्छ येते. खिडक्यांच्या सेक्शनचं ६०६३ मऊ असतं, टूलच्या टोकाला चिकटतं आणि आटे फाटल्यासारखे येतात. कुठलंही असो, टूलवर सतत डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेल. रॉकेल आता मिळतं कुठे म्हणा.

टूल एचएसएसचंच घ्या. मिरांडाचा ८ मिमी चौकोनी बिट आणा, ६० अंशांवर घासा. कार्बाइडची १६ ईआर एजी६० इन्सर्ट चांगली असते, ०.५ ते ३ मिमी पिच एकाच इन्सर्टने होतो, पण तिला वेग लागतो. हँडलच्या वेगाला एचएसएसची धारदार कडाच हवी, ऑइलस्टोनवर फिरवलेली.

मायक्रॉनताई

टूल लावताना दोन गोष्टी. फिशटेल गेज (सेंटर गेज) जॉबला टेकवा, टूलचं टोक तिच्या खाचेत घाला आणि खाली पांढरा कागद धरा. दोन्ही कडांना सारखी फट दिसली की टूल सरळ. कागदाशिवाय ती केसभर फट दिसत नाही.

उंचीसाठी टूलचं टोक आणि गोल बार यांच्यामध्ये स्टीलची पातळ पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी उभी राहिली तर टोक सेंटरला. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. खाली पत्र्याचे तुकडे सारून जुळवा.

गीअरबद्दल कोणी बोललं नाही अजून. लीडस्क्रू किती पिचचा आहे तुमचा? दीड मिमीचा असेल तर ०.७५ म्हणजे बरोबर निम्मा: स्पिंडलकडे ४० दातांचा, लीडस्क्रूला ८०, मध्ये कुठलाही आयडलर (नुसता जोडणारा गीअर).

खगोलवेडा

सगळ्यांचे आभार, काका, तुमचे विशेष. हँडलचा तुकडा लगेच करायला घेतो.

ताई, मशीनवरच्या चार्टमध्ये इंची आणि मेट्रिक दोन्ही छापलंय, विकणाऱ्याने ‘मेट्रिकच आहे’ सांगितलं होतं. लीडस्क्रूवर व्हर्नियर लावलं. दहा आट्यांचं अंतर १५.९ मिमी येतंय.

मायक्रॉनताई

मग मेट्रिक नाही. दीडचा असता तर १५.० आलं असतं. १५.९ म्हणजे इंचाला १६ आटे, पिच १.५८७५ मिमी. ४०-८० लावलेत तर आटा ०.७९४ चा पडेल. पाच मिलिमीटरमध्ये साडेसहा वळसे होतात, तेवढ्यात जवळजवळ ०.३ मिमीचा फरक साठतो. टी-रिंग दोन-तीन वळसे जाईल आणि रुतून बसेल.

इंचातून मिलिमीटरमध्ये अचूक जायला १२७ दातांचा गीअर लागतो, कारण २५.४ ला ५ ने गुणलं की १२७. तो तुमच्या मशीनच्या कव्हरमध्ये मावणार नाही. ६३ चा चालतो. ३० आणि ६३ चालवणारे, ८० आणि ५० चालणारे: स्पिंडलच्या बाजूला ३०, तो ८० ला, ८० च्याच शाफ्टवर ६३, तो लीडस्क्रूच्या ५० ला. येणारा पिच ०.७५००९. कोणत्याही टी-रिंगला हा फरक कळणार नाही.

खगोलवेडा

६३ चा माझ्या सेटमध्ये नाही. थ्रीडी प्रिंटर आहे, छापला तर टिकेल?

वागळेवाला

मोटरवर सांगितलं नसतं, पण हँडलने फिरवताना लोड काहीच नाही. पीएलए (प्रिंटरचं साधं प्लास्टिक) सुद्धा चालेल, भरीव छापा. या मशीनचे गीअर १ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) असतात, तरी एक दातवाला गीअर मोजून खात्री करा: बाहेरचा व्यास म्हणजे दात अधिक दोन, ४० दातांचा ४२ मिमी भरायला हवा. ६३ चा ६५ भरेल. भोक आणि की-वे सेटमधल्या गीअरवरून उतरवा, भोक दोन शतांश सैल ठेवलंत तर रीमरची गरज पडणार नाही.

निवृत्तटर्नर

वागळेवाले, दोन शतांश प्रिंटरला कुठे समजतात! छापून झाल्यावर कानसच फिरवायला लागणार.

खगोलवेडा, गीअर चढवताना दोन दातांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला, गीअर एकमेकांना भिडवून आवळा, मग कागद काढा. तेवढी सूट पुरे. नंतर बारवर निळी शाई नाहीतर मार्कर फासा, टूल नुसतं टेकवून एक रेघ ओढा आणि दहा आटे मोजा. साडेसात मिमी भरले तरच कापायला घ्या. ७.९ भरले तर गीअर चुकलेत. हे भंगार तुकड्यावर करा, पाच मिमीच्या आट्यावर दहा मोजता येणार नाहीत.

आणि लीडस्क्रू इंची असल्यामुळे मेट्रिक आटे पाडताना हाफ नट कधीच उघडायचा नाही, तो कधी टाकायचा ते दाखवणारी थ्रेडिंग डायल असली तरी. दीडचा असता तर ०.७५ ला कुठेही टाकला असता तरी चाललं असतं. तुम्ही हाताने फिरवणार, तो बंदच राहणार, म्हणून हे कलम तुम्हाला लागू नाही. पुढे मोटरवर कराल तेव्हा लागू होईल: मोटर उलटी फिरवून कॅरेज मागे आणायचं. तुमचा चक फ्लँजला बोल्टने धरलेला आहे, म्हणून उलटं चालेल. जुन्या मशीनवर चक आट्यांवर बसवलेला असतो, तो उलट फिरवताना सुटून मांडीवर येतो.

खगोलवेडा

काका, हे छापून भिंतीला लावतोय. शेवटचा प्रश्न: आतून काळं करायला ॲनोडाइझ (ॲल्युमिनियमवर विजेने ऑक्साइडचा थर चढवणं) करून घेतलं तर आटे घट्ट होतील का?

वागळेवाला

होतील, थोडे. १० मायक्रॉनचा थर दिला तर साधारण निम्मा बाहेर वाढतो, पाच मायक्रॉन. ६० अंशांच्या आट्यात कडा तिरक्या असल्याने पिच व्यास त्याच्या चौपट, वीस मायक्रॉनने वाढतो. टी-रिंग सैलसर फिरेपर्यंत आणखी एक हलका कट घ्या आणि मगच द्या. ॲनोडायझिंगवाल्याला ‘ब्लॅक, मॅट’ असं चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगितलं तर चकचकीत काळं येतं आणि दुर्बिणीत तेच नको असतं. एकट्या तुकड्यासाठी बॅच लावत नाहीत, कोणाच्या तरी मालाबरोबर टाकायला सांगा. माझी बॅच शनिवारी जाते, तोवर झालं तर घेऊन या.